मोज्यातली संत्री

हाडांच्या वॉर्डातल्या मावशींचा आवाज असा, की भुलीतला माणूसही "आलो, आलो" म्हणत उठू पाहायचा. लादी पुसणं, बेडपॅन देणं ही त्यांची नेमून दिलेली कामं. पेशंटना दम देणं हे मात्र त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. "हाडं डॉक्टर जोडतात," त्या म्हणत, "पण माणूस रडका झाला की तो माझ्याच गळ्यात पडतो."

हिवाळ्याच्या सुट्टीत येणारा-जाणारा प्रत्येक जण संत्री घेऊन यायचा. टेबलांवर संत्री, खाटांखाली संत्री. पेशंट ती बघूनच कंटाळले होते. त्यात एकदा परदेशात शिकून आलेल्या छोट्या डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, "तिकडे हिवाळ्यातल्या सणाच्या सकाळी मुलांच्या मोज्यात संत्रं ठेवतात. आणखी कुठे कुठे नव्या वर्षाला दाराशी संत्र्याचं झाडच उभं करतात."

झाड काही मावशींच्या आवाक्यातलं नव्हतं. मोज्यांना मात्र तोटा नव्हता. पाय मोडलेल्या प्रत्येकाचा एक मोजा रिकामाच पडलेला. त्या सणाच्या दिवशी उजाडताच त्यांनी अशा प्रत्येकाच्या खाटेला संत्र्यानं फुगलेला एकेक मोजा लटकवला. सगळा वॉर्ड पोरासारखा खूश झाला. एक ड्रायव्हर तेवढा तोंड फुगवून बसला.

"मला का नाही?"

"अरे, तुझे पाय धड आहेत. दोन्ही मोजे तुझ्याच पायात!"

"पाय धड असल्याची शिक्षा होय, मावशी?"

ड्रायव्हरचे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये होते. शेजारच्या खाटेवर शिकवणीचे मास्तर, पाय मोडलेले. मास्तरांची सायकल ड्रायव्हरच्या बससमोर आडवी आली, ब्रेक लागला, मास्तर घाबरून आपले आपणच पडले. त्यांना बघायला ड्रायव्हरनं घाईघाईनं उडी मारली, ती थेट दोन्ही मनगटांवर. तेव्हापासून दोघांचं साप-मुंगसाचं नातं. बोलायचं झालं तर मावशींमार्फत.

मावशींनी ड्रायव्हरच्या पिशवीतून त्याचा बिनकामाचा हातमोजा काढला, त्यात बळंबळं संत्रं कोंबलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"आता हे सोलू कशानं? दातांनी?"

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "हात रिकामे आहेत ना? द्या सोलून."

"ह्याला? ह्याच्यापायी माझा पाय..."

"मावशी, त्यांना सांगा, सिग्नल त्यांनीच तोडला!"

"मला काही सांगायचं नाही. मला दोन हात आणि वॉर्डभर लादी. सोला!"

मास्तरांनी खाटेच्या कडेला सरकत, दात-ओठ खात साल ओरबाडली. चिळकांडी उडाली ती नेमकी ड्रायव्हरच्या डोळ्यांत. पुसायला हात नाहीत. बिचाऱ्याच्या गालांवरून धारा लागल्या. तो ओरडायला तोंड उघडतो तोच मास्तरांनी त्यात फोड कोंबली.

नेमकी त्याच वेळी ड्रायव्हरची बायको भेटायला आली. बघते तर नवरा रडतोय आणि ज्यांचं नाव काढलं तरी तो चिडायचा ते मास्तर वाकून त्याला भरवतायत! तिनं पदर डोळ्यांना लावला.

"भावोजी," ती मास्तरांना म्हणाली, "तुमचं मन फार मोठं हो!"

मास्तरांच्या हातात पुढची फोड. ड्रायव्हरच्या तोंडात फोड. मावशींनी बादली उचलली आणि हसू दाबत मोरीकडे पळ काढला.

झालं! त्या दिवसापासून ड्रायव्हरची बायको दोघांसाठी डबा आणू लागली. मास्तर एकटे राहणारे, हॉस्पिटलचं फिकं जेवून विटलेले. डबा हातचा जाऊ नये म्हणून भेटायच्या वेळेला दोघं गळ्यात गळा घालायचे, ती वळली की पुन्हा जुंपायची. "मावशी, त्यांना सांगा" मात्र मागे पडलं. भांडायला तरी ते थेट बोलू लागले. मग भांडण सिग्नलवरून घसरून संत्र्यावर आलं. मास्तर बिया काढून फोड द्यायचे. ड्रायव्हर म्हणायचा, बियांशिवाय मजा नाही.

"अहो, घशात अडकेल!"

"माझ्या घशाची काळजी तुम्हाला कधीपासून?"

यावर मास्तर कानापर्यंत लाल झाले. मावशींनी ते बघितलं आणि पुसलेलीच लादी पुन्हा पुसायला घेतली.

दोघांना एकाच दिवशी सोडलं. लिफ्टच्या दारात ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, आधी तुम्ही." मास्तर कुबड्या टेकून म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही." दार दोनदा मिटलं, दोनदा उघडलं. मागे स्ट्रेचर घेऊन मावशी उभ्या.

"जाता का आता," त्या गरजल्या, "की दोघांची पुन्हा हाडं मोडू?"

दोघं एकदमच आत शिरले आणि दारात अडकले.