काकीच्या पोटातली डावी नळी

अन्याय झाला तो माझ्या काकीवर. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेबाराला, नेरूळच्या एका दवाखान्यात तिची डावी गर्भनळी काढून टाकली. गर्भ पिशवीत न जाता नळीतच रुजला होता आणि नळी फुटली होती. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. अन्याय करणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

त्याआधीची काकी मला जास्त आठवते. ओहोटी लागली की आमच्या करावे गावच्या पोरीबाया साड्या खोचून खाडीत उतरायच्या, आणि सगळ्यांत पुढे काकी. मांडीपर्यंत चिखल, कमरेला टोपली, हात बिळात. निवटा हा बोटाएवढा मासा चिखलावर उड्या मारतो आणि हातात आला तरी सुळकन निसटतो. माझ्या हातून निसटला की ती ओरडायची, "सोरलास गो! निवटा आन् नवरा दाबून धरावा लागतो!" बाया हसून हसून चिखलात बसायच्या. त्या चिखलाचा वास आजही माझ्या नाकात आहे. तेवढा आनंद मला पुढे कुठल्याच मोर्चात मिळाला नाही.

तिथेच एकदा तिने मला हळूच सांगितलं, "अंगावरून पांढरा जातंय. पोटात पन दुखतंय." लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी घरी आत्याच्या, काकाच्या थोरल्या बहिणीच्या, कानावर घातलं. आत्याचं निदान तयारच होतं: "खाडीचा गारठा पोटात शिरलाय." झालं! काकीची खाडी बंद. बाळंतिणीला देतात तशी ओव्याची शेगडी तिच्या खाटेखाली लागली. घामाघूम काकी धुरातून मला म्हणाली, "पोर नाय, आन् मी बालंतीन झालू बघ!" हसली, पण कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

आणि मी काय केलं? पत्रक काढलं. मी तेव्हा पावणे गावच्या कारखान्यांतून खाडीत येणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध लढत होते. 'या पाण्याने आमच्या बायांच्या कुशी उजाड झाल्या' असं ठळक अक्षरात छापलं आणि गावभर वाटलं. पुरावा शून्य. सांडपाणी वाईटच होतं, पण काकीचा आजार त्याचा नव्हता. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

वर्षभर शेगडी घेऊन गुण येईना, तेव्हा काकी मला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात गेली. तपासणीत निघालं क्लॅमिडिया. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. हा जंतू संबंधातून येतो, महिनोन्‌महिने गुपचूप राहतो, कुणाकडून कुणाला आला ते सांगता येत नाही. शरीर त्याच्याशी लढतं तेव्हा नळ्या आतून सुजतात, मग तिथे वण धरतो आणि नळी चिकटते. "औषध जंतू मारतं, वण पुसत नाही. म्हणून उशीर नको. गोळ्या दोघांनी घ्यायच्या आणि आठवडाभर लांब राहायचं. त्याने घेतल्या नाहीत, तर हिला परत होईल."

दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या होत्या. काकीने गोळ्या घेतल्या. काकाच्या गोळ्या टीव्हीवर पडून राहिल्या.

"काका, खाल्ल्यास का?" मी विचारलं.

"मना काय झालंय? बैलासारखा हाय मी." मग त्याने खिशातून माझं पत्रक काढलं. "तूच लिवलंस ना, पान्याने होतंय? मंग मी कनाला गोल्या खाऊ?"

"माझं चुकलं, काका, ते खोटं होतं," एवढंच म्हणायचं होतं. ते मी म्हणाले नाही. माझी इज्जत मोठी वाटली. काकी दारात उभी राहून ऐकत होती.

व्हायचं तेच झालं. जंतू परत आला, नळी आतून आणखी आवळली. पुढच्या श्रावणात तिची पाळी चुकली, तेव्हा आत्याने साखर वाटली. आणि गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ते ऑपरेशन. काका बाहेर बाकड्यावर बसून रडला. गोळ्या त्याने त्यानंतर खाल्ल्या, माझ्यासमोर, पाण्याच्या एका घोटात. काकीनेही पुन्हा घेतल्या; फेरतपासणीत दोघांतही जंतू सापडला नाही.

उजवी नळी आहे, पण तीही आतून थोडी आवळलीय. "आशा आहे, खात्री देत नाही," डॉक्टरबाई म्हणतात. काकी दर महिन्याला पाळी चुकायची वाट बघते.

तुझ्या घरात एखादी बाई पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणत असेल, किंवा तिला मूल होत नसेल, तर तिला एकटीला रांगेत उभी करू नकोस. तू तिचा नवरा असशील, तर या आठवड्यात तिच्यासोबत जा. लघवीची तपासणी आहे, मर्दानगीची नाही. बाटलीत धर, दे, आणि गोळ्या लिहून दिल्या तर तिच्यासमोर गीळ.