दोरसाफचा चॅम्पियन्स लीगचा कागद

दोरसाफ माझी सख्खी धाकटी बहीण. बिझर्तच्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसते. पण इथून ट्युनिसपर्यंत तिच्याएवढं फुटबॉल कळणारं माणूस दाखवा, मी मिशी उतरवतो. शिकवलं कुणी? मी. म्हणजे पहिली मॅच मी दाखवली, पुढचं ती शिकली.

दर मंगळवारी ती चॅम्पियन्स लीगवर कागद काढते, पैज लावणाऱ्यांसाठी. कोण लंगडतोय, रविवारच्या मॅचसाठी कोण चांगली माणसं राखून ठेवणार, सगळं त्यात. शेवटी एकच ओळ कायम : "लाडक्या क्लबवर पैसे लावू नका, तिथे डोकं चालत नाही." खाली प्रत्येक मॅचला तीन चौकटी : यजमान, बरोबरी, पाहुणे. जिंकणाऱ्यावर खूण.

पैजेची कुपनं तंबाखूवाल्या लझहरकाकाकडे मिळतात. हा कागद त्याच्या दुकानावर लागावा, एवढीच तिची इच्छा. काका म्हणाला, "पोरी, या आठवड्यात खरी ठर. नाहीतर तिकिटंच चिकटव."

गुरुवारी दुपारी कॅफेत शिरलो, तर सगळे माझ्यावरच तुटून पडले.

"या, ज्योतिषीणबाईंचे भाऊ!" मोंदेर मासेवाला ओरडला. "सहापैकी सहा चुकल्या! डोळे मिटून भरलं असतं तरी दोन लागल्या असत्या!"

"संपलं," लझहरकाका म्हणाला. "कागद लागणार नाही."

मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात दोरसाफच आली, पोस्टाचा कोट अंगावर तसाच.

"दादा, तू खाली बस. काका, कुपन दाखवा."

तिने कुपनाशेजारी आपला कागद ठेवला.

"कुपन फ्रेंच, त्यात यजमान डावीकडे. माझा कागद अरबी, यजमान उजवीकडे. तुम्ही नावं वाचलीत, की नुसत्या खुणा बघून उतरवल्यात?"

काकाने चष्मा लावून एकेक मॅच तपासली. एकही बरोबरी नव्हती, आणि तिच्या सहाच्या सहा खऱ्या.

"म्हणजे आम्ही पाहुण्यांना घरमालक केलं?" मोंदेर पुटपुटला.

"आणि घरमालकाला रस्त्यावर काढलंत, मोंदेरभाऊ."

अख्खा कॅफे पोट धरून हसला. मोंदेरने तिच्यासाठी पुदिन्याचा चहा मागवला. माझंही कुपन तसंच भरलेलं होतं, पण ते मी खिशातून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर दोरसाफचा कागद दुकानाच्या काचेवर, आणि लझहरकाका प्रत्येक गिऱ्हाइकाला दरडावतोय, "उजवीकडून वाच, गाढवा, उजवीकडून!"