उंच लोकांचं पाणी

माझी मुलगी जबलपूरला शिकते. यंदा मे महिन्यात घरी आली ती होस्टेलमधला एक खेळ घेऊन आली. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळ्यांनी गोल बसायचं आणि मिळून एक गोष्ट सांगायची. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतले लोक होतात. मनासारखं होईल की नाही हे फाशावर ठरतं, आणि त्या फाशाला वीस बाजू असतात. मी हातात घेऊन पाहिला, करंजाच्या बीपेक्षा थोडा मोठा.

तिनं स्वतःचं एक जग तयार केलं होतं. मोठ्या चार्ट पेपरवर डोंगर, नदी, जंगल काढलं होतं आणि कडेनं तिथले लोक. डोंगरावर उंच लोक. मातीत घर करणारे बिळातले लोक. दगड फोडणारे बुटके दाढीवाले खाणीतले लोक. प्रत्येकाखाली त्यांच्या रीती लिहिलेल्या. बिळातले दिवसात सहा वेळा जेवतात, दारी आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. उंच लोक झोपत नाहीत, म्हातारे होत नाहीत.

नवरा मँगनीजच्या खाणीत आहे. ड्युटीवरून आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "बाबा, हे तुमचे लोक, खाणीतले."

"मले दाढी येतच नाही," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

खेळायला तिच्या दोन मैत्रिणी येणार होत्या. एक बैहरला लग्नाला निघून गेली. दुसरी आली. ही दुसरी सहावीपासून तिच्या वर्गातली. तिच्या बापाची वारासिवनीला राइस मिल आहे, घर मोठं आहे. ती कोणाची आहे हे मी इथं लिहीत नाही. आम्ही बौद्ध आहोत, आणि ती आमच्यातली नाही, एवढं लिहिलं की बाकीचं कळतं.

ती पोरगी पहिल्यांदा आमच्या घरी आली तो दिवस मला अजून आठवतो. पाणी मागितलं. मी ग्लास भरून तिच्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले, पिते की नाही ते पाहायला. तिनं ओठाला लावून गटागटा प्यायलं, आणि "काकू, और दो ना" म्हणाली. मी दुसरा ग्लास काठोकाठ भरून दिला. तेव्हापासून ती आली की आपल्या हातानं माठातून पाणी घेते. मी बोलणारी बाई नाही. वॉर्डातल्या मिटिंगलाही मागं बसते. पण त्या पोरीनं आमच्या माठावरचं झाकण काढलं की मला मनातून बरं वाटायचं.

तर एक माणूस कमी पडत होता. मुलगी म्हणाली, "आई, तू बस ना."

"मले काय येते त्यातलं? मी चौथी पास."

"यात पास-नापास नसते. आधी तू कोण, ते निवड."

"म्हणजे जात?"

"जात नाही गं आई, जमात. इथं जी पाहिजे ती घेता येते."

मैत्रिणीनं लगेच बिळातली बाई घेतली. "सहा वेळा जेवण भेटते, मले दुसरं काय पाहिजे?"

मी चार्टकडे पाहत बसले. मुलीनं उंच लोकांवर बोट ठेवलं. "यांले कोणासमोर मान खाली घालावी लागत नाही." मी म्हटलं, मग हेच दे.

कूलर चालू होता, दुपारची वेळ. गोष्ट अशी होती की बिळातली बाई दूरचा सुका मुलूख चालून येते आणि उंच लोकांच्या बावडीपाशी पोचते. बावडी आम्ही हट्टा गावात पाहिली होती, तशीच, खाली पायऱ्या उतरत जाणारी. त्या बावडीची राखण माझ्याकडे. मैत्रीण चेहरा रडका करून म्हणाली, "बाई, घसा सुकून गेला. पाणी द्या हो."

मुलगी माझ्याकडे वळली. "आता तू सांग, आई. तुहे लोक पाहुण्याले पाणी कसं देतात? ती रीत मी लिहिलीच नाही. तू ठरव."

मी ठरवलं नाही. मी उठले. माठातून तांब्या भरून आणला.

"तिथंच थांब," मी म्हटलं. "खाली बस. ओंजळ कर. कोपर वर घे."

ती हसत उकिडवी बसली. ओंजळ केली. मी तांब्या कलता केला. पाणी एका धारेनं पडलं पाहिजे, आणि इतक्या वरून, की हातावरून उडालेला शिंतोडा परत भांड्याला लागायला नको. फार वरूनही नाही, नाहीतर सांडतं. मला हे कोणी शिकवलेलं नाही. मी लहान असताना धानाच्या रोवणीला आईबरोबर जायची. दुपारी शेतमालकाच्या घरची बाई विहिरीवर यायची आणि बायांच्या ओंजळीत पाणी घालायची. मी आईच्या लुगड्याला धरून उभी असायची आणि त्या बाईचं मनगट पाहायची. आईचं पिऊन झालं की माझी पाळी.

तेच मनगट माझ्या हाताला आलं. पोरगी पीत होती, पाणी कोपरावरून ओघळून तिचा कुर्ता भिजला, आणि मी मान खाली न घालता वरून पाहत होते. मला बरं वाटलं. हेच लिहायला मी बसले आहे. मला बरं वाटलं.

मुलगी ओरडलीच, "खतरनाक, आई! कुठून सुचलं तुले हे?"

"असंच," मी म्हटलं.

तिनं लगेच चार्टवर उंच लोकांखाली लिहून टाकलं. ओंजळीत वरून पाणी देतात, भांड्याला हात लावू देत नाहीत. मैत्रीण बाहीनं तोंड पुसत थोडी हसली. मग खेळ पुढं गेला, पण ती आधीसारखी बडबडली नाही. जाताना चहाला नको म्हणाली. आईनं लवकर बोलावलं आहे, असं सांगितलं.

संध्याकाळभर मी भांडी घासत हाच विचार करत होते. त्या पोरीनं माझं काय वाईट केलं होतं? एवढ्या वर्षांत तिनं एकदाही आमच्या घरी तोंड वाकडं केलं नाही. जिनं माझ्या आईला तसं पाणी दिलं ती बाई वेगळी, ते गाव वेगळं, नदीपल्याडचं. जी हाती सापडली तिलाच मी धरलं. आणि मुलीला खोटं सांगितलं. तिला मी रोवणीचं कधी काही बोलले नाही. वाटायचं, हे तिच्यापर्यंत जाऊच नये. आता तीच रीत चार्टवर लिहून जबलपूरला नेणार, आणि तिथल्या अनोळखी पोरी खेळ म्हणून ती करणार.

नवऱ्यानं जेवताना विचारलं, "काहून चूप आहेस?"

"चूप तर मी नेहमीच असतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली. मी खिडकीतूनच पाहिलं, तिच्या हातात पाण्याची बाटली होती. घरून भरून आणलेली. ती आमच्याकडे कधी बाटली आणत नसे. मेचं ऊन आहे, बाटली सगळेच घेतात, असं मी मनाला सांगितलं. पण ती बसली, बाटली मांडीजवळ ठेवली, आणि तहान लागली तेव्हा तिच्यातलंच पाणी प्यायली. माठाकडे गेली नाही.

खेळ कालच्या जागेवरून सुरू झाला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "उंच बाई डोंगर उतरते. बिळातल्या बाईच्या घरी जाते."

"उंच लोक खाली उतरत नाहीत, आई. रीत आहे."

"मी मोडतो ती."

"मग तुह्या हातून बावडी जाईल. सगळी ताकद जाईल."

"जाऊ दे."

मुलगी वैतागली. "आई, तू पूर्ण खेळ बिघडवून राह्यली."

"उंच बाई दारात उभी आहे," मी म्हटलं. "पाणी मागून राह्यली."

मैत्रीण बाटलीचं झाकण फिरवत बसली. मुलगी म्हणाली, "फासा टाक. काल इतका अपमान झाला, देते की नाही ते फासा ठरवेल."

मैत्रिणीनं फासा हातात घेतला आणि टाकला नाही. "काकू, काल तुम्ही मुद्दाम केलं ना?"

मुलगी म्हणाली, "अगं, खेळ आहे तो."

"माही आजी अशीच पाणी द्यायची. आंगणातल्या कामवाल्या बायांले. मी लहान होती, मले वाटे खेळ आहे. एक दिवस मीपण त्यांच्यात जाऊन बसली ओंजळ करून. आजीनं अशी थापड मारली." ती माझ्याकडे पाहत होती. "काल पिताना तेच आठवलं. काकूंनी मुद्दाम केलं, असं वाटलं."

नाही म्हणणं सोपं होतं, पोरीनं ते खरं मानलं असतं.

"हौ," मी म्हटलं. "मुद्दाम केलं. तुह्यावर राग नव्हता, तुले तर मी पोरीसारखी मानतो. पण हातात तांब्या आला आन् केलं. माही आई तसं पाणी पीत होती. मीपण प्यायली आहे."

मुलीचा पेन थांबला. "तू मले कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. हे ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

मैत्रिणीनं फासा चार्टवर ठेवून दिला. "बिळातली बाई पाणी देते. फासा नको." आणि तिनं आपली बाटली माझ्यापुढं धरली.

दुसऱ्याची बाटली आपण तोंड न लावता वरून पितो. माझाही हात तसाच वर जात होता. मग मी ती ओठाला लावली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. दोघी पाहत राहिल्या.

"बापरे काकू, पूरा खतम?" मैत्रीण म्हणाली, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली.

मुलगी चार्टकडे पाहत होती. "ती ओळ खोडू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "पण ज्याले उंच व्हायचं असंल त्याले आधी ते वाचून दाखव. आन् ही रीत कोणाकडून आली तेही सांग."

तिनं चार्ट गुंडाळला आणि आत नेऊन ठेवला. रागानं की कशानं, मला समजलं नाही. अजूनही नीट समजलेलं नाही.

जाताना मैत्रिणीनं रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "काकू, भरून द्या ना. बाहेर फार ऊन आहे." मी माठापाशी गेले, तांब्यात पाणी घेतलं आणि बाटलीत ओतू लागले. पाणी बाटलीच्या तोंडाबाहेर सांडायला लागलं तेव्हा माझं लक्ष गेलं. तांब्या मी केवढा तरी वर धरला होता. आपोआप. मी हात खाली घेतला, तांब्याची कड बाटलीच्या तोंडाला टेकवली, आणि तशीच धरून बाटली भरली.