पाणी मागणाऱ्या सिस्टर

गायकवाड सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जरा पाणी द्या." विचारपूस नंतर. आधी पेलाभर पाणी, तेही खाली बसून, शेवटच्या घोटापर्यंत. शनिवारी सात घरं म्हणजे सात पेले. त्या बाईनं हयातीत निम्मं बारवी धरण रिकामं केलं असणार. बदलापुरात पाणीकपात पाऊस कमी पडल्यामुळे होते, यावर माझा अजून विश्वास नाही.

आमच्या पालेगावच्या सोसायटीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, मूळच्या नगरकडच्या, चार नातवंडांच्या आजी. त्यांच्या चर्चच्या सेवा मंडळातर्फे दर शनिवारी अंबरनाथ, उल्हासनगरच्या वस्त्यांत हिंडायच्या. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची पेन्शन, कुणाचं चिघळलेलं बोट. खांद्याला काळी रेक्झिनची बॅग. ती एकदा लिफ्टमध्ये ठेवली तर लिफ्ट दोन मजले आपोआप खाली गेली. खोटं वाटत असेल तर आमच्या वॉचमनला विचारा. तो सोडून गेला हा माझा दोष नाही.

आता मला सांगा, फुकटात एवढं कोण करतं? सेक्रेटरी देसाईनं मला जिन्यात गाठलं. "कर्णिकसाहेब, त्या बॅगेत काय असतं हो? बाटवाबाटवीचा मामला तर नाही? तुम्ही इन्स्पेक्शनला होता, तुम्हीच बघा." मी एकतीस वर्षं फॅक्टरीत तयार मालातले दोष काढले. बायकोनं वाढलेली पोळीसुद्धा मी आधी उजेडाला धरतो. अशा माणसाला कोणी 'बघा' म्हटलं की संपलंच.

संधी स्वतः चालून आली. त्यांच्या मंडळाचा एक नियम होता, कुणाच्या घरी एकट्यानं जायचं नाही, जोडीनं जायचं. सिस्टरांची जोडीदारीण मुलीकडे कायमची राहायला गेली आणि सिस्टर अडल्या. मी लगेच हजर. म्हटलं, "मी येतो. मात्र मी तुमच्यातला नाही."

"जोडीदाराला कुठं तुमचं-आमचं असतं, भाऊ?" त्या म्हणाल्या. "एकटा माणूस चांगलं काम करायला लागला की त्याला गर्व होतो. दुसरा बरोबर असला की जमिनीवर राहतो. तुम्ही मला जमिनीवर ठेवा."

मी तर त्यांना जमिनीत गाडायच्याच तयारीनं निघालो होतो. खिशात दोनशे पानी वही. वाण्याची यादी करायची म्हणून घेतली असं घरी सांगितलं.

वहीत मी काहीही सोडत नसे. 'पाणी प्यायल्या. प्रत्येक घरी का? विधी असावा.' 'घरातल्या म्हातारीनं सांगितलं म्हणून प्रार्थना. पंचवीस सेकंद. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. काही शिंपडलं नाही.' 'बॅग उघडली. बँडेज, फॉर्म, गोंद, स्टॅम्पपॅड.' स्टॅम्पपॅड दिसलं तेव्हा माझे कान तापले. अंगठे घेतात! धर्माच्या रजिस्टरवर अंगठे! मान लांब करून पाहिलं, तर निराधार पेन्शनचा अर्ज. मी इतका निराश झालो की त्या रात्री जेवलो नाही. म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या.

पाण्याचं शेवटी मी विचारलंच. सिस्टर म्हणाल्या, "आपण काहीतरी द्यायला जातो ना, तेव्हा समोरच्याची मान खाली जाते. आधी त्याच्याकडून पाणी घेतलं की तो देणारा आणि आपण घेणारे. मग पुढचं सोपं जातं." मी वहीत लिहिलं, 'उत्तर तयार होतं. फारच तयार.'

आणखी एक गोष्ट मला खटकायची. माणूस भेटला की सिस्टर त्याचं पूर्ण नाव, काम, जागा मोठ्यानं आणि सावकाश विचारायच्या, शाळेत शुद्धलेखन घालतात तशा. उल्हासनगरला जीन्स शिवायच्या एका गाळ्याच्या दारात जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर येत. त्यांतली एक शेवंता पवार. सिस्टर दर शनिवारी तिला विचारणार, "शेवंता रामा पवार, अजून बटणाच्या मशीनवरच का गं?"

"हो ना, सिस्टर. किती वेळा इचारता? मशीनचं गार्ड निघालंय, शेठला सांगून थकले." मी निमूट उतरवून घ्यायचो. शेजारी 'संशयास्पद' लिहून खाली दोन रेघा.

असं अकरा महिने चाललं. मग एक दिवस त्या मशीननं शेवंताची दोन बोटं घेतली. नवरा नाही, दोन मुली, आणि उजवा हात. शेठनं हात झटकले. आम्ही तिला घेऊन कामगार कार्यालयात गेलो, तर तिथल्या साहेबांसमोर तो सरळ म्हणाला, "कौन औरत? हमारे यहाँ कभी थी ही नहीं."

हजेरीपट नाही, कार्ड नाही, पगाराची चिठ्ठी नाही. बरोबरच्या बायका शेठच्या भीतीनं आल्या नाहीत. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तिथं कामाला होता याचा काही पुरावा?" शेवंतानं बँडेजचा हात वर केला. साहेबांनी नजर खाली घातली. "हा पुरावा नाही होत हो."

तेव्हा सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आमच्या जोडीदारांची वही आहे."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. ही वही मी त्यांना कधी दाखवली नव्हती. बायकोलाही नाही. द्यावी तर अकरा महिन्यांची माझी हेरगिरी त्यांच्याच देखत उघडी पडणार. न द्यावी तर समोर शेवंता, मांडीवर तो हात घेऊन बसलेली. मी वही काढली. एकतीस वर्षांत एवढा जड माल मी हातात घेतला नव्हता.

साहेब मोठ्यानं वाचू लागले. "'शनिवार, दुपारी एक दहा. शेवंता पवार, बटण मशीन, गार्ड नाही. सिस्टरशी कुजबुजली. संशयास्पद.' 'सिस्टर पाणी प्यायल्या. नाटक?' 'बॅग फुगलेली. बहुधा धर्माची पुस्तकं.'" शिपाई फिस्सकन हसला. मी पंख्याकडे पाहू लागलो. साहेबांनी पान उलटलं. "'मालक पांढऱ्या गाडीतून उतरला. ओरडला, शेवंता, अंदर चल, बटन तेरा बाप लगाएगा क्या?'"

शेठ ताडकन उठला. "वो तो मैंने मज़ाक में बोला था, साब!"

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे बोलला होता. जिला कधी पाहिलंच नाही तिला." शेठ बसला तो आवाज बसूनच बसला.

शेवंताच्या नावासमोर कामगार असं लिहिलं गेलं, आणि भरपाईचा मार्ग तिथून सुटला.

बाहेर पडताना मी काहीतरी माफीसारखं पुटपुटलो. सिस्टर म्हणाल्या, "अहो भाऊ, आमच्यातले लोक प्रेमानं काम करतात, पण तारीख कुणी लिहीत नाही. संशयी माणूस देवानं उगाच घडवलाय होय?" आणि समोरच्या रसवाल्याकडे जाऊन पाणी मागितलं. मला आजही दाट संशय आहे की जोडीदारीण गेल्यावर त्यांनी आख्ख्या सोसायटीतून मलाच हेरलं होतं. याचा पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. दफनाच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटले, माझे सवयीनं उघडे. पलीकडे शेवंता तीन बोटांच्या मुठीनं माती टाकत होती. पुढचं मला नीट दिसलं नाही. धूळ फार होती.

त्यांची बॅग मुलानं माझ्याकडे आणून दिली. पहिल्या शनिवारी ती घेऊन जिना उतरत होतो, तर खाली देसाई उभा. नजर थेट बॅगेवर. "कर्णिकसाहेब, तुम्हीसुद्धा? कुठं निघालात? काय आहे हो त्यात?"

मी त्याला उजेडात नीट पाहून घेतलं. माल बरा होता.

म्हटलं, "मला एकट्यानं जायची परवानगी नाही. चल. येताना वही आण, आणि तहान लागलेली असू दे."