धैर्यवानबाई आणि घरी असलेल्या बायका

धैर्यवानबाई हातात पेन्सिल घेतल्याशिवाय काहीच वाचत नसत. मग ते वर्तमानपत्र असो, औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो, की कुणाच्या लग्नाची पत्रिका. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझं नेमणूकपत्र मागून घेतलं आणि 'आपल्या सेवांचा यथायोग्य उपयोग करून घेण्यात येईल' या वाक्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'कोण घेणार?' मग पत्र परत देत म्हणाल्या, "साहेबांना विचारून या. उत्तर आलं नाही तर माझ्याकडे येऊन बसा." उत्तर आलं नाही. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले.

आमचं ऑफिस दादरला, फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. काम अहवालांचं. सरकारं, संस्था आपले कच्चे मसुदे पाठवत. आकडे आणि मजकूर एकमेकांशी जुळतात का ते तपासून आम्ही ते वाचण्याजोगे करून परत देत असू. बाई तिथल्या सगळ्यांत जुन्या. जन्म गिरगावातला, घर खोताच्या वाडीच्या तोंडाशी. आजोबा बंदरावरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि बाईंच्या मते घरात पेन्सिल तेव्हापासून आली. त्या पाठारे प्रभू, त्यामुळे डब्यात कोलंबी नसेल तो दिवस त्यांच्या हिशेबी उपासाचा. कोबी-कोलंबीचं खरपूस भाजलेलं भानोलं आणलं की आधी माझ्या डब्याच्या झाकणात एक तुकडा पडायचा, मगच त्या स्वतः जेवायला सुरुवात करायच्या.

त्यांचं सगळ्यांत लाडकं काम म्हणजे एका बेटाच्या देशाचा अहवाल. देश हिंदी महासागरातला, इतका लहान की आमच्या भिंतीवरच्या नकाशात त्याच्या जागी छपाईचा ठिपका पडलाय की देश आहे, हे कळत नसे. जगातल्या देशांनी मिळून विकासाची काही उद्दिष्टं ठरवली आहेत. माणसाला साजेसं, सन्मानाचं काम मिळावं, हे त्यातलं एक. दर काही वर्षांनी एकेक देश आपणहून सगळ्यांसमोर उभा राहतो आणि आपण कुठवर आलो ते सांगतो. मोठ्या देशांकडे यासाठी खातीच्या खाती असतात. या देशाच्या आकडेवारीच्या कचेरीत मोजकीच माणसं होती, आणि त्यांची प्रमुख होती लॉरेटा नावाची पस्तिशीतली बाई. आढावा लिहायची, सभा घ्यायची, मंत्र्यांना समजवायची तीच. बाई म्हणत, "तो देश म्हणजे आमची वाडीच. सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून तर मोजायचं विसरतात."

माझ्या दुसऱ्या वर्षी त्या देशाचा नवा मसुदा आला. रोजगाराचं प्रकरण बाईंनी माझ्याकडे दिलं. त्यात एक वाक्य होतं, की बेटावरच्या बहुतेक विवाहित स्त्रिया घरीच असतात आणि त्या कामाच्या शोधात नाहीत. दोन पानांनंतर एक सुरेख फोटो होता. किनाऱ्यावरच्या लांबलचक शेडमध्ये ओळीनं बायका उभ्या, प्रत्येकीच्या हातात सुरी, पुढ्यात मासे. खाली लिहिलं होतं, 'बेटावरची लोकपरंपरा'.

त्या फोटोतल्या हातांवरून मला आई आठवली. आमचं घर लालबागला. फेब्रुवारी उजाडला की मसाल्याच्या दुकानातून आमच्या खोलीत मिरच्यांची पोती येत, आणि पावसाळ्यापर्यंत आई त्यांचे देठ काढत बसे. माझं कॉलेज त्यावर झालं. ऑफिसात मात्र मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आई काय करते असं कुणी विचारलं की मीही 'ती घरीच असते' असंच सांगत आले होते. त्या दिवशी मसुदा घेऊन बाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मॅडम, या बायका घरी नाहीत. या कामावर आहेत. माझी आईसुद्धा घरीच असते म्हणते." आणि मग मिरच्यांचं सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कपाटातून त्याच देशाचा मागचा आढावा काढून माझ्यापुढे उघडला. तेच वाक्य, शब्दाला शब्द. बाजूला पेन्सिलीची एकही खूण नव्हती. "मसुदा नीट करताना हे मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "यांनी नुसती नक्कल केली." त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या.

लॉरेटा तेव्हा मुंबईतच होती. तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन परळला झालं होतं. तीन दिवसांनी बाईंनी तिला फोन करून बोलावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आईंना विचार, आम्ही आलो तर चालेल का." आईनं पोहे केले, नवी चादर घातली, आणि पोती लपवायला गेली. मी तिला थांबवलं. पाहुण्या उंबऱ्यातच शिंकायला लागल्या. आधी लॉरेटा, मग बाई, मग परत लॉरेटा. आईला हसू आवरेना. तिनं दोघींच्या हातात खोबरेल तेल दिलं, नाकाला लावायला, आणि स्वतः सवयीनं पोत्यापाशी जाऊन बसली. बोलता बोलता तिचे हात चालत राहिले.

लॉरेटानं इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, की तुम्ही काय काम करता असं या विचारताहेत. आई म्हणाली, "मी काय नाय करत. घरीच असते." आणि मुठीतल्या मिरच्यांचे देठ काढून टोपलीत टाकले.

मी ते वाक्य तसंच्या तसं सांगितलं. लॉरेटा आईच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, तिची स्वतःची आई तीस वर्षं त्या शेडमध्ये उभी होती. पाहणी करणारा माणूस घरी येई, प्रश्न वडिलांना विचारी आणि वडील उत्तर देत, 'ती घरीच असते.' पुढे ती स्वतः पाहणी करू लागली तेव्हा तिनंही तोच छापील कागद वापरला. धैर्यवानबाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांनीही पोत्यातून मूठभर मिरच्या घेतल्या होत्या. दहाएक मिनिटांत बोटं झोंबायला लागली. आईनं त्यांच्या हातांवर ताक ओतलं आणि पुढचा तासभर त्या कुठल्याही कागदाला हात लावू शकल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यात असं बहुधा प्रथमच झालं असावं.

खरी पंचाईत पुढेच होती. ते वाक्य काढायचं तर सन्मानाच्या कामाचं अख्खं प्रकरण बदलत होतं. त्या बायकांना कामगार म्हटलं की त्यांना रजा नाही, विमा नाही, बसायला बाक नाही हेही लिहावं लागणार. भर सभेत देशाची शोभा. आमचे साहेब घाबरले. त्यांचं म्हणणं असं, की आपण भाषा सुधारणारी माणसं, पाहुण्याच्या घरातला केर काढायचं काम आपलं नाही. जुनं गिऱ्हाईक जाईल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जागेवर येऊन तिकडच्या मंत्रालयाला पत्र लिहिलं. मागच्या आढाव्यात ही चूक आपल्या हातून झाली, असं स्वच्छ कबूल केलं. त्या बायकांना विचारून हे प्रकरण नव्यानं लिहावं, आणि ते जमणार नसेल तर आपलं नाव तपासणाऱ्यांतून काढावं, अशी विनंती केली. पत्राखाली सही एकटीची केली, साहेबांना मोकळं ठेवलं.

दोन आठवडे उत्तर नाही. साहेब बाईंशी फक्त कामापुरतं बोलत. बाई नेहमीसारख्या डबा खात, पण कोलंबीचा तुकडा डब्यात तसाच राहू लागला, त्यावरून त्यांना लागलेली काळजी मी ओळखली. मग लॉरेटाचा निरोप आला. ती परत गेली होती आणि शेडमध्ये जाऊन स्वतः बायकांशी बोलली होती. मंत्री आधी भडकले. मग त्यांनी घरी जाऊन बायकोला विचारलं, तर तिनं लग्नाआधी त्याच शेडमध्ये काम केलेलं निघालं. मजकूर बदलायला परवानगी मिळाली होती.

जुलैत तो आढावा सगळ्या देशांपुढे सादर झाला. सभा पार अर्ध्या जगापलीकडे; तिथे सकाळ, आपल्याकडे संध्याकाळ. ऑफिसातल्या स्क्रीनवर बघायला बाईंनी माझ्या आईलाही बोलावलं होतं. मंत्री काळ्या कोटात, शेजारी लॉरेटा. ते म्हणाले, की आम्ही आमच्या बायकांना आजवर मोजलं नव्हतं, ही आमची चूक आहे, आणि ती आम्ही इथं सांगायला आलो आहोत. मग दुसऱ्या एका बेटाच्या देशाच्या प्रतिनिधीनं हात वर केला आणि म्हणाला, की आमच्याकडेही हेच आहे, तुम्ही कसं मोजलंत ते आम्हाला सांगा.

आईनं मला हळूच विचारलं, आता त्या बायकांना बाक मिळेल का. बाईंनी ते ऐकलं. "माहीत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "पण आता मंत्र्यांना कुणीही विचारू शकतं. आजवर विचारायचं काय, तेच कागदावर नव्हतं." आईला ते पटलं. साहेबांनी खालून गरम वडे मागवले आणि पहिला बाईंपुढे धरला. बाईंनी तो आईला दिला.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी एवढंच सांगितलं, की आपली चूक दाखवणारं माणूस शेजारच्या टेबलावर बसवून घ्यावं. सगळे हसले. मला वाटलं, त्या गंमत करताहेत.

आता त्यांच्या टेबलावर मी बसते. माझ्या शेजारी शिवडीची आफरीन बसते, हुशार मुलगी. परवा तिनं माझं एक पान आणून दाखवलं. गोदीतल्या हंगामी माणसांबद्दल मी जे लिहिलं होतं ते सपशेल चुकीचं होतं. तिचे वडील गोदीतच आहेत. मी पान दुरुस्त केलं, तिचे आभारही मानले, पण आतून मला तिचा भयंकर राग आला होता. स्वतःची लाज वाटून शेवटी मी बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

बाई खळखळून हसल्या. "किती वेळ टिकला राग?"

"अर्धा दिवस."

"बरी आहेस की," त्या म्हणाल्या. "मला तुझा पुरते दोन दिवस आला होता."