बॅटरीला बॅटरी

आमच्या पिंगळीच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारीची लाइट बहुतेक रात्रीच येते. त्यामुळं हिवाळाभर गव्हाला पाणी द्यायला माणसं बाराला उठतात आणि अंधारात एक रिवाज पाळतात. लांबच्या रानात कुणाची बॅटरी हलताना दिसली की आपलीही तीनदा हलवायची. मी जागा आहे, मला काही चावलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझं रान ओढ्याच्या अलीकडं, काशीनाथचं पलीकडं. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं असं एकमेकांची खबर घेत आलो.

काशीनाथ कष्टाळू, पण थोडा बढाईखोर. रात्र जागण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं तो चारचौघांत सांगायचा आणि मी त्याची टर उडवायचो. आता त्याचं मला वाईट वाटतं.

गेल्या वर्षी माघात तो लेकीकडं, प्राचीकडं, कोकणात मुरूडला गेला. जावई हरिओम मूळचा पालमचा. तिकडं एका पुणेकर मालकाची शिडाची बोट सांभाळतो. बोट दुरुस्तीला रत्नागिरीला न्यायची होती, एका रात्रीचा प्रवास, आणि ऐन वेळी हरिओमचा जोडीदार तापानं पडला. शीड-दोर सगळं मी बघतो, मला फक्त तीन तास जागा राहणारा माणूस पाहिजे, असं हरिओम म्हणाला. गंगाखेडच्या गोदावरीपेक्षा मोठं पाणी काशीनाथनं त्या आठवड्यापर्यंत पाहिलं नव्हतं. तरी तो लगेच तयार झाला.

दुपारी निघाले. अंधार पडेपर्यंत ओकून ओकून त्याच्या पोटात काही उरलं नाही. मग वारा नीट मागून लागला, बोट सरळ चालू लागली आणि त्याला जरा बरं वाटलं. एकला हरिओमनं सुकाणू त्याच्या हाती दिलं. होकायंत्राचा काटा इथून हलू द्यायचा नाही आणि कुठंही दिवा दिसला की मला उठवायचं, असं दोनदा बजावून तो खाली जाऊन आडवा झाला.

दोनच्या सुमारास समुद्राच्या बाजूला, अगदी पाण्यालगत, एक दिवा दिसला. इकडून तिकडं हलणारा. काशीनाथला आनंद झाला. खरंच आनंद झाला, हे त्यानं मला स्वतः सांगितलं. एवढ्या काळोखात आपल्यासारखंच कुणीतरी जागं आहे, असं त्याला वाटलं. हरिओमला उठवायचं मनात आलं होतं. पण पोरगं दोन दिवस राबून नुकतंच झोपलेलं, आणि जावयाला झोपेतून उठवणं सासऱ्याच्या जिवावर आलं. त्यानं खिशातली बॅटरी काढून तीनदा हलवली. समोरचा दिवा जोरात हलू लागला. काशीनाथनं पुन्हा हलवली. असं चार-पाच वेळा झालं. मग दिवा मागं पडला आणि दिसेनासा झाला.

चारला हरिओम उठला तेव्हा काशीनाथनं हौसेनं सांगितलं, की एक गडी भेटला, लय मनमिळाऊ होता. तो कसा हलवत होता तेही हात हलवून दाखवलं. हरिओमनं शीड उतरवलं, इंजिन चालू केलं, बोट आल्या वाटेनं वळवली आणि वायरलेसवर बोलत राहिला. बऱ्याच वेळानं तो सासऱ्याकडं वळला.

"मामा, दर्यात उगं कुणी दिवा हालवत न्हाई."

दुपारपर्यंत शोधलं. मासेमारीच्या चार बोटीही आल्या. एक छोटी होडी उलटी होऊन तरंगताना सापडली. तिच्यावर दोघे भाऊ होते, असं बंदरावर कळलं. एकाचं प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं. दुसरा सापडलाच नाही.

हरिओमनं त्याला दोष दिला नाही. मीही सांगितलं, की पिंगळीच्या कुणाही माणसानं हेच केलं असतं, मी पण. हे खरं आहे. पण काशीनाथनं ते नुसतं ऐकून घेतलं.

या हिवाळ्यात पहिल्या पाण्याला मी सवयीनं बॅटरी हलवली. पलीकडून काही उत्तर नाही. मला राग आला. म्हटलं, दर्या बघून आलेला माणूस आता आपल्याला कशाला विचारतोय. वीस मिनिटांनी काशीनाथ माझ्या बांधावर हजर. गुडघ्यापर्यंत चिखल. काय झालं, एवढंच त्यानं विचारलं. काही नाही, उगाच हलवली, असं म्हणताना मला लाज वाटली.

तेव्हापासून तो असाच. कुणाचीही बॅटरी हलली की आपलं पाणी तसंच सोडून तिकडं पळतो. ओढ्यात दोनदा पडला, एकदा पाय मुरगळला. त्याचे हाल बघवेनात म्हणून एकेकानं बॅटरी हलवायचं बंद केलं. मीही केलं. पाच वर्षांपासूनचा माझा सोबती ओढ्यापलीकडं जागा आहे की नाही, हे मला आता कळत नाही.

परवा मात्र तो आपणहून आला. मोटार चालू होती. आम्ही बांधावर टेकलो. मग त्यानं विचारलं.

"मास्तर, माझी बॅटरी बघून त्या दोघायला काय वाटलं असल?"

चौतीस वर्षं पोरांना उत्तरं सांगितलेला माणूस मी. हेही उत्तर मला येत होतं.

"वाटलं असल, बघितलं आपल्याला. आता येतेत," काशीनाथ म्हणाला.