पाठमोरे साहेबांचा पहिला संवाद

घरीदारी त्यांना 'पाठमोरे' म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द बायकोनं. उभी हयात सिनेमाच्या गर्दीत गेली. पडद्यावर दर्शन घडलंच तर पाठीचं. कोर्टात बसलेली पाठ, पंगतीत जेवणारी पाठ, एकदा तर प्रेतयात्रेतली पाठ. बायकोनं टोमणा मारला की ते शांतपणे म्हणत, पाठीलाही अभिनय लागतो गं. गर्दीतल्या माणसाचा पहिला धर्म तर ते कुणालाही ऐकवत: कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. बघितलंस की मेलास. शॉट बाद आणि उद्यापासून घरी.

अशा माणसाला चक्क संवाद मिळाला. सिनेमा हिंदी, ठगांच्या टोळीचा, हसून हसून पोट दुखेल असा. टोळी खोटं ऑफिस थाटून नोकऱ्या वाटते आणि पाठमोरे त्या टोळीतले बडे साहेब. दिग्दर्शक गॉगल कपाळावर चढवून समजावायचा: म्हणजे बघा काका, कॅमेरे लपवलेत, अभिनय कसा नैसर्गिक हवा. म्हणजे बघा काका, तुम्ही आपल्या भाषेत बोला, हिंदी आवाज मागाहून चढवू.

ऑफिस हुबेहूब होतं. भाड्याचा गाळा, फिरती खुर्ची, टेबलावर घंटी, भिंतीवर जगाचा नकाशा. बाहेरच्या खोलीतून एकेक उमेदवार आत यायचा. पाठमोरे चष्म्यावरून बघत दोन प्रश्न टाकायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "तुमची नेमणूक पक्की. बाहेर जाऊन पूर्तता करा." एकेक कलाकार काय तयारीचा होता. एक बाई रुमाल तोंडाशी धरून ढसाढसा रडली. एक टकले गृहस्थ तर वाकून पायाच पडले. त्या बाईचे हुंदके पाठमोऱ्यांनी घरी जेवताना असे काही वठवले, की बायकोला ठसका लागला. ग्लिसरीन नाही की काही नाही, ते म्हणाले, याला म्हणतात कला.

मग एका सकाळी दार उघडून त्यांचा जावईच आत आला.

पाठमोऱ्यांना आधी रागच आला. जावईबापूंनी सिनेमात काम धरलं आणि सासऱ्याला पत्ता नाही? पण शॉट चालू होता. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. बसा, शिक्षण किती, असं विचारलं.

जावई बसला नाही. भूत बघितल्यासारखा उभा राहिला.

"बाबा, तुम्ही लोकांना फसवता?"

"फसवणारच. ठग आहे मी," पाठमोरे ओठ न हलवता पुटपुटले. "पुढचं वाक्य घ्या, शॉट वाया जाईल."

"कसला शॉट? माझी नोकरी गेलीय, बाबा. अजून हिला सांगितलेलं नाही." जावयानं खिशातून पुडी काढून टेबलावर सोडली. "हे बाहेर अनामत म्हणून द्यायला आणलं होतं."

पुडीत लेकीच्या बांगड्या होत्या. पाठमोऱ्यांनी स्वतः सोनाराकडे बसून घडवून घेतलेल्या. सिनेमाला खोटं सामान पुरवणाऱ्या कुठल्याच माणसाकडे त्या असणं शक्य नव्हतं.

तेव्हा पाठमोऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा कॅमेरा शोधला. नकाशा उचलून पाहिला, मागे भिंत. पंख्याकडे पाहिलं, तो नुसता पंखा. म्हणजे ती बाई खरंच रडली होती. आणि आपण आमटी भुरकत तिची नक्कल केली.

आवाज ऐकून दिग्दर्शक आत आला. बांगड्या पाहून त्याला काय ते कळलं, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"म्हणजे बघा काका, घरचं माणूस आहे, त्यांचं राहू द्या. मागच्या दारानं दोघं निघा. नाहीतर एवढं ध्यानात घ्या, बाहेरच्यांनी साहेब म्हणून तुम्हाला पाहिलंय. मला नाही."

जावयानं पुडी उचलली आणि सासऱ्याची बाही ओढली. पाठमोरे दोन पावलं गेलेही. मग बाही सोडवून घेऊन त्यांनी पुढचं दार उघडलं.

खोली भरलेली होती. कालची रुमालवाली बाई उरलेली पूर्तता करायला आली होती, टकले गृहस्थही होते. साहेब दिसताच सगळे उठून उभे राहिले. पाठमोरे म्हणाले की मी साहेब नाही, इथं नोकरी नाही, कुणी काही देऊ नका, पोलिसांना बोलवा.

मागून दिग्दर्शक हसत म्हणाला, साहेब तुमचा धीर पाहतायत. झालं, सगळ्यांच्या जिवात जीव आला. टकले गृहस्थ हात जोडून म्हणाले, "आम्ही पास ना, साहेब?"

खरं बोलूनही कुणी मानेना, इतके पाठमोरे साहेब झाले होते.

मग जावई पुढे आला. चारचौघांत 'सासरे मोठ्या पदावर आहेत' असं सांगत फिरणारा तो. मान खाली घालून म्हणाला, "हे माझे सासरे. सिनेमाच्या गर्दीत उभे राहतात. ऑफिस यांनी जन्मात कधी पाहिलेलं नाही."

रुमालवाली बाई मटकन खाली बसली. दिग्दर्शकानं गॉगल डोळ्यांवर घेतला आणि रस्त्याकडे सरकला, पण टकले गृहस्थ आधीच शटरपाशी पोचले होते. शटर खडखडत खाली आलं. जावई पोलिसांना फोन लावू लागला.

मागचं दार अजून उघडंच होतं. पाठमोऱ्यांनी जाऊन त्याला आतून कडी घातली आणि ते त्या बाईसमोर जमिनीवर बसले.